सौर वादळाचे इशारे आणि सोलापुरातील संध्याकाळची मोजणी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी आपण जीएनएसएस रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ठरवणाऱ्या फिरत्या यंत्राने, मोजणी करता. मार्च लागला की सोलापुरात दुपारी रानात उभे राहवत नाही, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचपासून नऊपर्यंत, प्रसंगी बॅटरीच्या उजेडात, काम चालते. यंदा कित्येक संध्याकाळी आठच्या सुमारास रोव्हरचा ‘फिक्स’ (पक्की, सेंटिमीटरभर अचूक जागा) जाऊन ‘फ्लोट’ (ढोबळ जागा) आला आणि तास-दीड तास परतला नाही. यंत्र विकणाऱ्याने ‘सौर वादळ’ असे कारण सांगितले. तेव्हापासून आपण मोबाइलवर वादळाचे इशारे पाहू लागलात आणि गोंधळ वाढला, कारण इशारा होता त्या संध्याकाळी काम सुरळीत झाले आणि काहीच इशारा नव्हता त्या संध्याकाळी ते बिघडले. हे अंदाज मग कशाचे असतात, आणि सोलापूरच्या 765 केव्ही वीजवाहिनीला अशा वादळाचा धोका आहे का, असे आपण विचारले आहे.

माझी 32 वर्षे भूचुंबकीय नोंदी घेण्यात आणि वाचण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की इशाराही खरा होता आणि आपला रोव्हरही ठीक होता. त्या इशाऱ्यात सांगितलेली घटना आणि मंद्रूपच्या आकाशात आठ वाजता घडलेली घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचे मूळ सूर्यात असले तरी त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे, आणि दुसरीचे वेळापत्रक सूर्यावरच्या स्फोटांपेक्षा सोलापूरच्या सूर्यास्ताला अधिक बांधलेले आहे.

सूर्याकडून आपल्याकडे तीन प्रकारे उपद्रव पोहोचतो. पहिला प्रकाशाच्या वेगाने येतो. सौरज्वालेतील क्ष-किरण साधारण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, म्हणजे ज्वाला दिसली त्याच क्षणी तिचा परिणामही सुरू झालेला असतो. ज्वालांची प्रतवारी सी, एम, एक्स अशी असते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दसपट असते. एक्स प्रतीची ज्वाला आपल्या दुपारी भडकली तर लघुलहरींवरील रेडिओ संपर्क काही मिनिटे ते तास-दोन तास बसतो; रात्री भडकली तर आपल्याला काही जाणवत नाही, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर नसतो. दुसरा उपद्रव वेगवान प्रोटॉन कणांचा आहे. त्याची झळ उपग्रहांना आणि ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानमार्गांना बसते, आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. तिसरा उपद्रव म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला चुंबकीय द्रव्याचा प्रचंड लोट, ज्याला सर्वत्र सीएमई म्हणतात. तो एक ते चार दिवसांत पोहोचतो, आणि वृत्तवाहिन्या ज्याला ‘सौर वादळ धडकणार’ म्हणतात ते बहुधा याच्याविषयी असते.

या तिसऱ्याचा अंदाज कसा बांधतात ते समजले की त्याची मर्यादाही आपोआप कळते. सूर्यडागांच्या चुंबकीय नकाशांवरून, विशेषतः उत्तर आणि दक्षिण ध्रुवता एकमेकींत गुंतलेले डाग पाहून, ज्वालेची शक्यता टक्क्यांत सांगतात. लोट सुटल्यावर कृत्रिम ग्रहण घडवणाऱ्या दुर्बिणीतून, म्हणजे कोरोनाग्राफमधून, त्याचा वेग आणि दिशा मोजतात. ते आकडे संगणकीय प्रतिमानात घालून आगमनाची वेळ काढतात. ती वेळ आजही सरासरीने दहाएक तासांनी चुकते आणि अनुभवी माणसाला त्यात नवल वाटत नाही, कारण 15 कोटी किलोमीटरच्या प्रवासात हा लोट पुढच्या सौरवाऱ्यावर आदळतो, मंदावतो, वाकतो, आणि मागून आलेला दुसरा लोट त्याला गाठतोही.

खरी अडचण मात्र वेळेची नाही, दिशेची आहे. लोटाबरोबर जे चुंबकीय क्षेत्र येते त्याचा उत्तर-दक्षिण घटक दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर तोच जोरदार लोट बऱ्याच अंशी बाजूने निघून जातो. हा घटक सूर्यावरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. तो मोजला जातो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूपाशी, जिथे एस, डिस्कव्हर आणि 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या कक्षेत पोहोचलेले भारताचे आदित्य-एल1 ही याने आहेत. आदित्यावर सूर्याची अतिनील चित्रे घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवलेली आहे, आणि सहा मीटर लांब दांड्यावर बसवलेला चुंबकमापक नेमका हाच घटक मोजतो. आता हिशेब करा. सेकंदाला 800 किलोमीटर वेगाने येणाऱ्या लोटाला 15 लाख किलोमीटर कापायला जेमतेम 31 मिनिटे लागतात. म्हणजे दोन-तीन दिवस आधीचा इशारा हा ‘येण्याची शक्यता’ सांगतो, आणि ‘किती जोराचे’ हे बहुधा अर्धा-पाऊण तास आधी कळते. हवामानखात्याने कमी दाबाचा पट्टा दाखवावा पण पाऊस किती हे ढग गावाच्या वेशीवर आल्यावरच कळावे, तशी ही स्थिती आहे.

मे 2024 चे उदाहरण घ्या. 13664 क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागून एक लोट सुटले. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राने जी-4 पातळीचा, म्हणजे पाचपैकी चौथ्या पायरीचा, पूर्वइशारा दिला, जो 2005 नंतर प्रथमच दिला गेला होता. 10 मे रोजी आपल्याकडे रात्री साडेदहा वाजून गेल्यावर पहिला धक्का चुंबकमापकांवर उमटला आणि वादळ जी-5 पातळीला गेले, जे ऑक्टोबर 2003 नंतर झाले नव्हते. लडाखमध्ये हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. अंदाज बांधणाऱ्यांनी हे काम उत्तम केले असे माझे मत आहे, तरीही एक पायरी कमी पडली, आणि ती कमी पडण्याचे कारण वर सांगितलेली दिशाच होय.

आता हे जी-1 ते जी-5 काय आहे? ही श्रेणी केपी निर्देशांकावर आधारलेली आहे आणि तो निर्देशांक 13 वेधशाळांच्या तीन-तीन तासांच्या नोंदींवरून काढतात. त्या वेधशाळा बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या जवळ आहेत. भारतात त्यांपैकी एकही नाही. म्हणून जी-3 वाचून मंद्रूपच्या रानात काय होईल हे ठरवणे म्हणजे लंडनचे तापमान पाहून सोलापुरात छत्री-टोपीचा विचार करण्यासारखे आहे. आपल्या अक्षांशाला जवळचा निर्देशांक डीएसटी हा आहे. हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार कमी अक्षांशांच्या वेधशाळांवरून तो काढतात आणि पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वलय प्रवाहामुळे जमिनीवरचे क्षेत्र किती घटले ते तो नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात सांगतो. उणे 50 म्हणजे साधे वादळ, उणे 100 म्हणजे जोराचे. मे 2024 मध्ये तो उणे 400 च्या पलीकडे गेला होता.

ही घट म्हणजे काय ते मी एकदा हातात धरून पाहिले आहे. आमच्या वेळी नोंद छायाचित्रण-कागदावर होई. अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला टांगलेले चुंबक, त्यावर चिकटवलेला आरसा, आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेला कागद, एवढेच ते यंत्र. खोलीत जाण्याआधी पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या आणि पेन बाहेरच्या फळीवर ठेवावे लागे. आडवे क्षेत्र, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग, आपल्याकडे 38-39 हजार नॅनोटेस्ला असते आणि शांत दिवशी ते दुपारपर्यंत चाळीस-पन्नासने वाढून पुन्हा खाली येते. त्यामुळे रोजचा कागद म्हणजे एक सौम्य टेकडी असे. 13 मार्च 1989 च्या सकाळी सातच्या सुमारास वादळाचा पहिला धक्का आला. दुसऱ्या दिवशी तो कागद तांबड्या दिव्याखाली औषधाच्या ट्रेमध्ये हलवताना रेषा उमटू लागली आणि सरळ कागदाच्या कडेबाहेर गेली. थोड्या अंतरावर दुसऱ्या कडेने तिची राखीव रेषा आत आली आणि तीही थरथरत निघून गेली. माझ्यासोबतचे वयस्क सहकारी काही न बोलता ट्रे हलवत राहिले. आदल्या दुपारी, आपल्या घड्याळात सव्वाचे ठोके पडत असताना, कॅनडातील क्वेबेक प्रांताचे विजेचे जाळे दीड मिनिटात कोसळून 60 लाख लोक अंधारात गेले होते, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळले.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. सप्टेंबर 1859 च्या सुप्रसिद्ध वादळाची कमी अक्षांशावरील अमूल्य नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, तीही माणसांनी डोळ्यांनी वाचून वहीत लिहिलेली. त्या आकड्यांत आडव्या क्षेत्राची सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण दिसते आणि आजचे संशोधक त्या वादळाचा जोर ठरवताना याच वहीकडे येतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मालिका जोडली. त्यामुळे ही मालिका आजपर्यंत अखंड आहे.

आता आपल्या रोव्हरकडे येतो. उपग्रहाचा संदेश सुमारे 100 ते 1000 किलोमीटर उंचीच्या आयनांबरातून, म्हणजे हवेच्या विद्युतभारित वरच्या थरातून, येतो आणि तिथल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे त्याला उशीर होतो. इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक एककामागे उपग्रहाच्या एल-1 वारंवारितेवर (वरच्या एल-1 बिंदूशी या नावाचा संबंध नाही) 16 सेंटिमीटरची चूक होते, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षी आपल्या भागात दुपारी अशी शंभराहून अधिक एकके भरू शकतात, म्हणजे चूक 16 मीटरच्या पुढे जाते. तरीही दुपारी आपला रोव्हर व्यवस्थित चालतो, कारण दोन वारंवारितांची तुलना करून तो ही चूक जवळपास पूर्ण काढून टाकतो. थर जाड असणे ही अडचण नाही. तो फाटका, छिद्राछिद्रांचा होणे ही अडचण आहे.

ती छिद्रे संध्याकाळी पडतात. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा थर झपाट्याने विरतो, आणि त्याच सुमारास चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे तिरुनेलवेलीच्या आसपासच्या आकाशात, वरचा थर विद्युतक्षेत्रामुळे आणखी वर उचलला जातो. जड थर वर आणि विरळ भाग खाली अशी अस्थिर रचना होते. पाण्याखाली तेल कोंडले तर ते जसे फुगे होऊन वर उसळेल, तसे विरळ आयनद्रव्याचे बुडबुडे वर चढतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतात. चुंबकीय रेषा कमानीसारख्या असल्यामुळे बुडबुडा विषुववृत्तावर जितका उंच चढेल तितका तो उत्तरेला लांब पोहोचतो. माझ्या हिशेबाने सोलापूरच्या डोक्यावर यायचे तर त्याला विषुववृत्तावर सुमारे 600-700 किलोमीटर उंची गाठावी लागते. सूर्य शांत असलेल्या वर्षांत बुडबुडे बहुधा एवढे चढत नाहीत; सूर्य जोरात असलेल्या वर्षांत सहज चढतात. म्हणून 2019-20 मध्ये हाच रोव्हर, याच वेळी, याच शिवारात आपल्याला कधी दगा देत नव्हता.

बुडबुड्यांच्या कडांवर घनता एकदम बदलते, त्यामुळे तारे लुकलुकतात तसा उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. आपण पाठवलेल्या एका संध्याकाळच्या नोंदीत हे स्वच्छ दिसते. 7 वाजून 40 मिनिटांपर्यंत सगळ्या उपग्रहांचे संदेशबळ 45 च्या आसपास सरळ रेषेत आहे. मग दक्षिणेकडच्या, क्षितिजापासून तीस अंशांच्या खालच्या दोन उपग्रहांचे बळ 45 वरून 28 आणि पुन्हा 43 असे सेकंदासेकंदाला हिंदकळू लागते. दहा मिनिटांनी नैर्ऋत्येचे आणखी तीन त्यात सामील होतात आणि 8 वाजून 2 मिनिटांनी फिक्स जातो. उत्तरेकडचे उपग्रह मात्र सगळा वेळ शांत आहेत. यंत्र बिघडले असते किंवा जवळपास कुणी रेडिओचा अडथळा केला असता तर सगळेच उपग्रह एकदम बिघडले असते. दक्षिणेकडून सुरुवात होणे ही बुडबुड्यांची ओळख आहे.

भारतात हे लुकलुकणे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त असते, साधारण साडेसातपासून मध्यरात्रीपर्यंत. उन्हापासून वाचण्यासाठी आपण मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळचे काम लावता, आणि नेमके तेच महिने, तेच तास या उपद्रवाचे आहेत. यात वादळाची गरजच नाही.

वादळाचा संबंध येतो तो उलटसुलट. वादळाचा जोर नेमका आपल्या सूर्यास्ताच्या वेळी चढला तर वरून आत शिरणारे विद्युतक्षेत्र थराला आणखी उचलते आणि बुडबुडे जास्त होतात. तेच वादळ काही तास आधी येऊन गेले असेल तर ध्रुवाकडे तापलेल्या हवेमुळे सुरू झालेले वारे संध्याकाळचे विद्युतक्षेत्र उलटे करतात, थर वर उचललाच जात नाही, आणि रात्र स्वच्छ जाते. इशारा असलेल्या संध्याकाळी आपले काम सुरळीत झाले त्याचे सर्वांत संभाव्य कारण मला हेच दिसते.

तेव्हा वेळापत्रक ठरवताना जी-श्रेणीचा इशारा शेवटी पाहा. सर्वांत आधी महिना आणि घड्याळ पाहा. नंतर सूर्याचा 10.7 सेंटिमीटर रेडिओ प्रवाह पाहा, जो कॅनडात रोज मोजला जातो आणि सहज उपलब्ध असतो. तो 100 च्या खाली असेल तर संध्याकाळ बहुधा निर्धोक, 150 च्या वर असेल तर विषुवकाळातल्या महिन्यांत साडेसातनंतर नियंत्रण बिंदूचे काम ठेवू नका. मोकळ्या रानातील महत्त्वाचे बिंदू सकाळच्या सत्रात घ्या आणि संध्याकाळी सातपूर्वी आवरा. लुकलुक सुरू असताना कामच करायचे असेल तर बेस, म्हणजे ज्ञात बिंदूवर उभे केलेले स्थिर यंत्र, जवळ ठेवा, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू असे जेवढे उपग्रह यंत्र घेऊ शकते तेवढे घेऊ द्या आणि कमी उंचीचे उपग्रह वगळण्याचा कोन पंधरा-वीस अंशांपर्यंत वाढवा. फिक्स परत आला तरी लगेच विश्वास ठेवू नका. चुकीचा फिक्स हा फ्लोटपेक्षा घातक असतो, कारण तो दिसायला बरोबर दिसतो. प्रत्येक वेळी ज्ञात बिंदूवर जाऊन ताडून पाहा. एस-बँडवर चालणाऱ्या, नाविक या भारतीय उपग्रहप्रणालीच्या ग्राहकयंत्रांविषयीही आपण विचारले होते. त्या वारंवारितेवर आयनांबराचा उशीर एल-5 च्या तुलनेत साडेचारपटींनी कमी असतो, त्यामुळे तत्त्वतः फायदा आहे, परंतु मोजणीच्या रोव्हरमध्ये अजून मुख्य आधार एल-बँडचाच आहे.

वीजवाहिनीविषयी. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर 765 केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका लयीत जोडले गेले, म्हणून आपली काळजी अस्थानी नाही. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतक्षेत्र निर्माण होते आणि लांब, कमी रोधाच्या वाहिन्यांतून, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून, जवळपास डीसी स्वरूपाचा प्रवाह वाहू लागतो. त्याने ट्रान्सफॉर्मरचा गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होऊन तापतो. क्वेबेकसारख्या ठिकाणी डोक्यावर ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातला प्रचंड विद्युतप्रवाह असतो, म्हणून बदलाचा वेग फार मोठा होतो. सोलापूर त्या पट्ट्यापासून फार दूर आहे आणि देशाच्या दक्षिण टोकावरच्या आकाशातून वाहणाऱ्या विषुववृत्तीय विद्युतप्रवाहापासूनही बरेच उत्तरेला आहे. त्यामुळे इथे धोका कमी आहे. शून्य मात्र म्हणणार नाही, कारण वादळाच्या पहिल्या धक्क्यात दोन-चार मिनिटांतली उसळी आपल्या अक्षांशावरही ठळक असते. उपकेंद्रातील आपल्या मित्रांना न्यूट्रलमधील डीसी प्रवाहाची कायमस्वरूपी नोंद ठेवता आली तर मला मनापासून आनंद होईल. दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभ्या असलेल्या एवढ्या लांब वाहिनीची प्रत्यक्ष मोजमापे कोणत्याही अनुमानापेक्षा मोलाची ठरतील.

पुढच्या काळाबद्दल शेवटचे. तज्ज्ञमंडळाने 2019 मध्ये चालू 25 व्या सौरचक्राचा कळस जुलै 2025 मध्ये आणि डागसंख्या 115 च्या आसपास सांगितली होती; प्रत्यक्षात तो ऑक्टोबर 2024 मध्ये येऊन गेला आणि संख्या 160 पर्यंत चढली. वर्षांच्या मुदतीचे अंदाज असे सुटतात, म्हणून पुढच्या मार्चचे आकडे मी आज सांगत नाही. चक्राच्या उतरत्या काळात प्रभामंडलातील विवरांतून येणारा वेगवान सौरवारा दर 27 दिवसांनी, सूर्याच्या फेऱ्यागणिक, पुन्हा पुन्हा लहान-मध्यम वादळे देतो. ती वादळे दिनदर्शिकेवर आधी मांडता येतात आणि त्यांतली पुष्कळशी आपली संध्याकाळ बिघडवण्याऐवजी सुधारतील. आपण या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ बेस चालू ठेवून कच्ची नोंद जतन करावी, मग कामाला जायचे असो वा नसो. साठ रात्रींची अशी नोंद हाती आली की मंद्रूपच्या आकाशासाठी सातची मर्यादा योग्य आहे की पावणेआठपर्यंत थांबता येईल, हे मी आपल्याला तास-मिनिटांत सांगू शकेन.